रात्री दोन वाजता प्रसूतिगृहात कोण असते?

‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हे वाक्य आपण सर्वांनी आजीच्या तोंडून कधी ना कधी ऐकलेले असते. आमच्या आजीची सात बाळंतपणे घरीच, चुलीमागच्या अंधाऱ्या खोलीत, गावच्या सुईणीच्या हातून झाली. सातांपैकी पाच मुले जगली. राहिलेल्या दोघांविषयी ती फारसे बोलत नाही. विचारलेच तर ‘देवाची इच्छा’ एवढेच म्हणते.

आता काळ बदलला आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे ‘घरी की दवाखान्यात’ हा आजीच्या पिढीचा प्रश्न बहुतांशी सुटला. परंतु त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा राहिला आहे, तो म्हणजे ‘कोणत्या दवाखान्यात?’ या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा शेजारणीला विचारून, इमारतीचा रंग पाहून किंवा खिशाकडे बघून देतो. ते अधिक विचारपूर्वक देता येईल काय, हे या लेखात पाहावयाचे आहे.

एकाच घरात दोन प्रश्न

हा विषय मला सुचला नाही. तो आमच्या घरीच चालून आला. माझी थोरली बहीण, ताई, पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी आली. त्याच महिन्यात माझी चुलत बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती परिचारिकेचा तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम पूर्ण करून नोकरीच्या शोधात घरी आली. अक्का बारावी कला शाखेची. कला शाखेच्या मुलींनाही या अभ्यासक्रमाचे दार उघडे असते, हे आपल्या अनेक मैत्रिणींना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगते.

झाले असे, की घरात एकाच वेळी दोन याद्या तयार होऊ लागल्या. आई ताईसाठी दवाखाने मोजत होती आणि अक्का स्वतःच्या नोकरीसाठी. गंमत म्हणजे दोन्ही याद्यांतील नावे तीच होती! तालुक्याच्या गावातील दोन खाजगी प्रसूतिगृहे, सरकारी ग्रामीण रुग्णालय, पलीकडच्या गावातील एका धर्मादाय संस्थेचे रुग्णालय आणि जिल्ह्याच्या गावचे मोठे सरकारी रुग्णालय. आईची कसोटी स्वच्छता, खर्च आणि अंतर ही होती. अक्काची कसोटी पगार, पाळी आणि राहण्याची सोय ही होती.

एके दिवशी जेवताना अक्का म्हणाली, “काकू, आपण दोघी उगाच वेगवेगळं विचारतोय. मला एकच विचारायचंय. रात्री दोन वाजता तिथल्या प्रसूतिगृहात कोण असतं? त्याचं उत्तर कळलं, की तुमचंही काम होईल आणि माझंही.”

आई हसली. मला मात्र ते वाक्य विसरता आले नाही.

व्हिएन्नातील दोन विभाग

रुग्णालयांची अशी तुलना करण्याची गोष्ट नवीन नाही. वैद्यकाच्या इतिहासातील एक फार मोठा शोध अशाच तुलनेतून लागला आहे. १८४० नंतरच्या काही वर्षांत व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. इमारत तीच, शहर तेच, येणाऱ्या स्त्रियाही त्याच गरीब वस्तीतल्या. परंतु पहिल्या विभागात शंभरात सुमारे दहा बाळंतिणी तापाने मरत, तर दुसऱ्यात सुमारे चार. कोणत्या विभागात भरती व्हायचे हे वारावर ठरत असे. पहिल्या विभागाची पाळी आली, की स्त्रिया गुडघे टेकून विनवण्या करीत, ‘आम्हांला तिकडे पाठवू नका.’

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने या फरकाचा पाठपुरावा केला. पहिल्या विभागातील विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडे येत होते. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले.

या गोष्टीतून दोन बोध मिळतात. एक असा, की रुग्णालयाची कीर्ती आणि तेथील सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा असा, की दारात उभ्या राहिलेल्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना जे समजले होते, ते विद्वानांना समजायला वर्षे लागली. म्हणून बायकांनी प्रश्न विचारणे यात उद्धटपणा नाही, शहाणपण आहे.

आपल्याकडील वाट

आपल्याकडेही ही वाट स्त्रियांच्या दुःखातूनच निघाली. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहाच दिवसांत गेले. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर, या विचारातून त्या अमेरिकेपर्यंत पोहोचल्या व १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांनी आपल्या पदवीसाठी निबंधाचा विषय निवडला तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग त्यांच्याकडे सोपवला जाणार होता. दुर्दैवाने १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

आनंदीबाई पदवीधर झाल्या त्याच १८८६ साली मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांसाठी, स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेले ते रुग्णालय होते. परंतु डॉक्टर एकटा रुग्णालय चालवू शकत नाही. परिचारिका कोठून आणायच्या? परिचारिकेचे काम त्या काळी कुलीन घरांत हलके मानले जाई. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले आणि तेथून ससून रुग्णालयात हिंदू स्त्रिया, त्यांतही अनेक विधवा, परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. लोकनिंदा सोसून त्यांनी हा मार्ग घालून दिला. आज आपल्या घरातील मुलगी पांढरा गणवेश घालते तेव्हा शेजारीपाजारी पेढे मागायला येतात. त्यामागे या स्त्रियांचे धैर्य आहे.

कोणत्या पायरीवर काय मिळते?

आता आजच्या व्यवस्थेकडे वळू. सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची आहे. सपाट प्रदेशात साधारण पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असते, डोंगरी व आदिवासी भागात तीन हजारांना एक. तेथे ए. एन. एम. म्हणजे आपल्या गावाकडच्या भाषेत ‘नर्सबाई’ असतात. त्यावरची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र, सुमारे तीस हजार वस्तीला एक. त्यावर तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पुढे उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ बाळंतपण होऊ शकते. सिझेरियन होत नाही. सिझेरियनसाठी तीन माणसे आणि एक वस्तू एकाच वेळी एकाच जागी हजर लागतात. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, बाळाकडे पाहणारे कुशल माणूस आणि जुळणारे रक्त. यांतील एक जरी नसले, तर शस्त्रक्रियागृह ही केवळ बंद खोली असते. पाटीवर काय लिहिले आहे ते वाचून हे कळत नाही. ‘भूल देणारे डॉक्टर येथेच राहतात की बाहेरून बोलवावे लागतात? रक्त येथे साठवलेले असते की आणावे लागते?’ असे सरळ विचारावे लागते.

खर्चाचा विचार करता सरकारी रुग्णालयाची बाजू भक्कम आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या आणि लागल्यास रक्तही विनामूल्य आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझेरियननंतर सात दिवसांपर्यंत बाळंतिणीचे जेवणही मिळते. घरून नेण्याची आणि परत पोहोचवण्याची सोय आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची सरकारी केंद्रांत विनामूल्य तपासणी होते. आपल्या गावातील आशाताईंना विचारले, तर हे सर्व त्या सांगतील. तरीही अनेक घरांत ‘सरकारी म्हणजे गरिबांचे’ असे म्हणून नाक मुरडले जाते आणि खाजगी दवाखान्याच्या बिलासाठी दागिने गहाण पडतात.

सिझेरियनचे कोडे

खाजगी प्रसूतिगृहांविषयी एकांगी बोलणे बरे नव्हे. आमच्या तालुक्यात ज्या स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत त्या खाजगीतच आहेत, आणि त्यांनी आजवर कितीतरी जीव वाचवले आहेत. तेथे स्वतंत्र खोली मिळते, गोड बोलणे मिळते, ओळखीचा डॉक्टर मिळतो. या गोष्टी क्षुल्लक नाहीत. कळा सोसणाऱ्या बाईवर कुणी ओरडत नाही, याला मोल आहे.

परंतु काही आकडे विचार करायला लावतात. मघाशी उल्लेखिलेल्या पाहणीत देशातील सरकारी दवाखान्यांत दर शंभर बाळंतपणांत सुमारे चौदा सिझेरियन आढळली, तर खाजगीत सुमारे सत्तेचाळीस. महाराष्ट्राचे एकत्रित प्रमाण सुमारे पंचवीस आहे. हा फरक केवळ पैशाच्या लोभाचा, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अक्काने मला त्याची दुसरी बाजू दाखवली. कळा बारा-चौदा तास चालतात. तेवढा वेळ बाईजवळ बसून लक्ष ठेवायला प्रशिक्षित माणूस लागते. ते ठेवायचे नसेल, तर संध्याकाळी सात वाजता सिझेरियन करून मोकळे होणे सर्वांनाच सोयीचे वाटते. उलट, सरकारी आकडा कमी आहे म्हणून तेथे सारे आलबेल आहे असेही नाही. जेथे भूल देणारा डॉक्टरच नाही तेथे सिझेरियन होणार कशी? अशा ठिकाणाहून बाई ऐनवेळी पुढे पाठवली जाते आणि रस्त्यात वेळ जातो. थोडक्यात, आकडा कमी की जास्त एवढ्यावरून निकाल देऊ नये. त्या आकड्यामागे बाईजवळ कोण बसले होते, हे पाहावे.

परिचारिकेचे गणित

येथे लेखाच्या गाभ्याकडे येते. कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या नोंदी ठेवण्याचा एक तक्ता असतो. त्यावर दर अर्ध्या तासाने बाळाच्या हृदयाचे ठोके लिहायचे असतात. दर अर्ध्या तासाने पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, हेही लिहायचे असते. शिवाय नाडी, रक्तदाब, ताप आणि आतून तपासणी आहेच.

अक्काने वहीच्या पाठीमागे गणित मांडले. “एका बाईच्या कळा मोजायला दहा मिनिटं. प्रसूतिगृहात चार बायका असतील, तर नुसत्या कळा मोजायलाच चाळीस मिनिटं. आणि अर्ध्या तासात असतात किती मिनिटं?”

“तीस,” मी म्हणाले.

“मग उरलेली दहा मिनिटं आणायची कुठून? त्यात एखादी बाळंत झाली तर बाळ बघायचं, वार बघायची, टाके घालायला मदत करायची. अशा वेळी तक्ता भरला जातो, पण तो मनानं भरला जातो.”

‘मनानं भरला जातो’ हे तिचे शब्द ऐकून मी गप्पच झाले. शिकाऊ असताना तिने रात्रपाळीत हे पाहिले होते. कुणी आळशी नव्हते, कुणी दुष्ट नव्हते. गणितच जुळत नव्हते. भारतीय परिचर्या परिषदेने शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि साधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका असे प्रमाण सांगितले आहे, प्रसूतिगृहाला तर याहून अधिक मनुष्यबळ लागते. प्रत्यक्षात रात्री काय असते, ते एकदा कुणाला सोबत म्हणून दवाखान्यात राहिलेल्या माणसाला विचारावे.

बाळंतपणानंतरचा पहिला तास तर याहून नाजूक. बाळ जन्मले, पेढे वाटले, सगळे बाळाभोवती जमले. आणि आईकडे लक्ष कुणाचे नाही! गर्भाशय घट्ट आवळले गेले नाही, तर आतून रक्त वाहत राहते. अर्धा लिटरहून अधिक रक्त गेले, की ती धोक्याची खूण मानतात. उपचार न झाल्यास काही स्त्रिया दोन तासांच्या आत दगावू शकतात. हे टाळण्यासाठी बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे आणि त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे की मऊ पडले आहे ते पाहायचे. या कामाला यंत्र लागत नाही. त्याला एक शिकलेला हात लागतो आणि त्या हाताला मोकळा वेळ लागतो.

बाळाचेही तसेच. जन्मलेले बाळ रडले नाही, तर त्याला श्वास देण्यासाठी पहिले मिनिट मोलाचे. डॉक्टरांना फोन करून ते घरून येईपर्यंत ते मिनिट केव्हाच संपलेले असते. त्या मिनिटाला जी व्यक्ती खोलीत हजर असते, तीच त्या बाळाची डॉक्टर.

नोकरीची बाजू

आता अक्काच्या यादीकडे पाहू. तिने पाचही ठिकाणी जाऊन चौकशी केली. एका खाजगी प्रसूतिगृहात तिला सांगण्यात आले, की रात्री ती एकटी असेल. मदतीला दोन मुली आहेत. त्या मुलींचे शिक्षण विचारले, तर ‘इथेच शिकल्यात’ असे उत्तर मिळाले. त्यांनाही गणवेश होता, त्यांनाही सगळे ‘सिस्टर’ म्हणत. रुग्णाला फरक कळणार कसा? महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदलेले असणे ही खरी ओळख. गणवेश ही नव्हे. तेथेच तिची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची गोष्ट निघाली, तेव्हा ती उठून आली. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे म्हणजे माणसाला बांधून ठेवणे. ज्यांना माणसे टिकवता येत नाहीत, ते कागद टिकवून धरतात!

पगाराविषयी एक गोष्ट सर्व मुलींनी लक्षात ठेवावी. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली निर्देश दिले आणि त्यानुसार नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही दरमहा वीस हजारांपेक्षा कमी नसावे, असे त्यात म्हटले आहे. तालुक्याच्या गावांत हा आकडा ऐकून लोक हसतात. अक्काला सांगितलेला पगार याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. बाळंतिणींची सेवा करणाऱ्या या मुलीला स्वतःच्या बाळंतपणात २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळेल का, असे तिने विचारले, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले, “लग्न ठरलंय का तुमचं?” ही रजा २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली आहे, परंतु कायदा पुस्तकात असतो आणि नोकरी गावात.

सरकारी नोकरीत वेतन आणि सुरक्षितता आहे, पण कायम जागा थोड्या आणि कंत्राटी जागा पुष्कळ. कंत्राटाची मुदत अकरा महिन्यांची, मग पुन्हा नवा आदेश. ग्रामीण रुग्णालयात कामाचा भारही मोठा. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या बायका तेथे ऐनवेळी येतात. कित्येकींच्या हातात तपासणीचे कार्डही नसते. पण अक्काच्या मते शिकायला तीच जागा. “तिथं मोठ्या सिस्टर आहेत. वीस-वीस वर्षं बाळंतपणं केलेल्या. त्यांचा हात बघून शिकता येतं.”

याच संदर्भात एक आशादायक गोष्ट नोंदवली पाहिजे. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसूतिसेवेत खास प्रशिक्षित परिचारिका तयार करण्याचे धोरण स्वीकारले. अठरा महिन्यांचे जादा शिक्षण घेतलेल्या अशा परिचारिकेने साधी बाळंतपणे स्वतःच्या जबाबदारीवर करावीत आणि अडचणीची तेवढी डॉक्टरांकडे सोपवावीत, अशी कल्पना आहे. आजीच्या सुईणीचा अनुभव आणि रुग्णालयाचे शास्त्र यांचा हा मेळ म्हणता येईल. हे धोरण तालुक्यापर्यंत नीट उतरले, तर बाळंतिणींचाही लाभ आहे आणि आपल्यातल्या अनेक मुलींना मानाचे कामही आहे.

विचारायचे ते प्रश्न

या सर्व चौकशीतून आम्ही घरात एक कागद तयार केला. तो येथे देते. मैत्रिणींनी तो आपल्या घरी वाचून दाखवावा.

१. रात्रपाळीत नोंदणीकृत परिचारिका किती? त्यांच्याकडे एका वेळी किती बायका असतात?

२. रात्री डॉक्टर रुग्णालयात असतात की फोनवर? फोनवर असतील, तर यायला किती मिनिटे लागतात?

३. भूल देणारे डॉक्टर कोठून येतात? रक्त कोठून येते?

४. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटाला त्याला कोण पाहते?

५. गुंतागुंत झाली तर कोठे पाठवतात, कोणत्या गाडीने, आणि सोबत परिचारिका जाते का?

६. कळा देताना घरातील एक बाई जवळ थांबू शकते का? सरकारी रुग्णालयांत अशी सोबतीण असावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितले आहे.

७. खर्चाचा तक्ता आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावलेली आहे का? महाराष्ट्रात खाजगी रुग्णालयांना २०२१ च्या सुधारित नियमांनी ते बंधनकारक केले आहे.

८. येथील परिचारिका किती वर्षे टिकतात?

हा शेवटचा प्रश्न अक्काचा. आईला तो आधी कळला नाही. अक्का म्हणाली, “काकू, जिथल्या सिस्टर दर तीन महिन्यांनी बदलतात, तिथं औषध कुठल्या कपाटात आहे हे रात्री कुणालाच ठाऊक नसतं.” तेव्हा आईने स्वतःच्या हाताने त्या प्रश्नाखाली रेघ ओढली.

शेवटी काय झाले

आमचे मूळ बेत खाजगी दवाखान्याचे होते. घरापासून चालत दहा मिनिटे, डॉक्टर ओळखीच्या. पण आठव्या महिन्यात नऊ तारखेच्या सरकारी तपासणीत ताईचा रक्तदाब वाढलेला निघाला, पायांवर सूज होतीच. खाजगी दवाखान्यातील डॉक्टरांनीच मोकळेपणाने सांगितले, “इथं रक्त नाही, भूल देणारे बाहेरून येतात. तिला मोठ्या ठिकाणी न्या.” असे सांगणारा डॉक्टर भेटणे हेही भाग्यच. आपली मर्यादा सांगणारे रुग्णालय मला त्या दिवसापासून अधिक विश्वासाचे वाटते.

ताईला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. गर्दी विचारू नका. खाटेवर जागा नाही म्हणून खाली गाद्या घातलेल्या, आवारात नातेवाइकांची स्वयंपाकाची भांडी, दाराशी रखवालदाराचा आवाज. आईचा जीव खालीवर होत होता. पण आमच्या कागदावरील प्रश्नांची उत्तरे तेथे होती. डॉक्टर आत होते, रक्त आवारातच होते आणि बाळांचा कक्ष शेजारी होता.

पहाटे तीनच्या सुमारास ताई बाळंत झाली. मुलगी झाली आणि रडलीही. आम्ही बाहेर एकमेकींना मिठ्या मारीत होतो. आत काय चालले होते ते नंतर कळले. पंधरा मिनिटांनी एका सिस्टरने ताईच्या पोटावर हात ठेवला, तेव्हा गर्भाशय मऊ पडले होते. तिने लगेच ते चोळायला सुरुवात केली, दुसरीला हाक मारली, इंजेक्शन दिले, सलाइन लावले, डॉक्टर धावत आले. अर्ध्या तासाने रक्त थांबले. ताईला नंतर एवढेच आठवत होते, की कुणीतरी पोट फार जोरात दाबत होते आणि ‘डोळे उघडे ठेव, बाई’ असे सारखे म्हणत होते.

त्या सिस्टरचे नाव आम्हांला कळले नाही. सकाळी आठला तिची पाळी संपली आणि ती गेली. आम्ही पेढे घेऊन गेलो, तेव्हा दुसरीच कुणी खुर्चीवर होती.

२०१८ ते २० या काळातील सरकारी आकडेवारीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. हे पाहून आपल्याला अभिमान वाटावा हे खरे. पण त्या तेहतीसांमधल्या प्रत्येकीच्या घरी आमच्यासारखेच कुणीतरी बाहेर बाकावर बसले होते. माझी ताई त्या आकड्यात गेली नाही, याचे कारण एका शिकलेल्या हाताला पंधरा मिनिटांनी पुन्हा तिच्याकडे यायला वेळ मिळाला, एवढेच आहे.

अक्का पुढे त्या धर्मादाय रुग्णालयात रुजू झाली. पगार सरकारीपेक्षा कमी आहे, पण रात्री दोघी नोंदणीकृत परिचारिका असतात, प्रमाणपत्रे तिच्याच पेटीत आहेत आणि शिकवायला एक जुन्या सिस्टर आहेत. जेथे परिचारिकेला माणसासारखे वागवले जाते, तेथेच बाळंतिणीलाही तसे वागवले जाण्याची शक्यता अधिक, हे तिचे म्हणणे मला आता पूर्ण पटले आहे.

आजीला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ नातीच्या मुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या येळंला असा हात असता, तर माझी दोघं पण जगली असती का गं?”

‘देवाची इच्छा’ हे शब्द तिने त्या दिवशी उच्चारले नाहीत.